अलास्काच्या ‘परमिट’चे 740 डॉलर घेतले, आणि असं परमिट मुळात नसतंच!

अलास्कातलं विमान ठरवून देतो म्हणणाऱ्या एका ठकाच्या घशात आमचे एकूण 5,120 डॉलर गेले. हिशोब आधीच मांडते, म्हणजे ‘थोडेफार गेले असतील’ असं कुणी म्हणायला नको. ‘बॅककंट्री परमिट’ (रानात राहायचा परवाना) माणशी 185 प्रमाणे चौघांचे 740. छोट्या विमानाचा निम्मा ॲडव्हान्स 3,600. अस्वलांपासून अन्न जपायच्या डब्यांचं भाडं 300. आणि सगळं ठरल्यावर ‘इंधन महागलं’ म्हणून वरून 480. यातले निम्मे पुण्याहून येणाऱ्या दादा-वहिनींचे. त्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्या खात्यावर पाठवले होते, याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. अलास्कातल्या फेअरबँक्स शहराची नॉन-रिफंडेबल तिकिटं बुडाली ती वेगळीच.

आम्हाला जायचं होतं गेट्स ऑफ द आर्क्टिकला. अमेरिकेतलं सगळ्यात उत्तरेकडचं राष्ट्रीय उद्यान, पूर्णपणे आर्क्टिक वृत्ताच्या वर, अख्ख्या कोकण विभागाहून मोठं. आत एकही रस्ता नाही, आखलेली पायवाटसुद्धा नाही. डाल्टन हायवे पूर्वेच्या हद्दीजवळून जातो, पण तिथून पुढे नद्या ओलांडत पायीच. नाहीतर फेअरबँक्सहून बेटल्स या लहानशा गावी जायचं, आणि बेटल्सहून पाण्यावर उतरणारं विमान ठरवायचं. आम्हाला ॲरिगेच शिखरं बघायची होती, म्हणजे सर्कल लेकवर उतरून तिथून चालत. दादा साठीचा झालाय, सह्याद्रीत आयुष्यभर भटकलाय, ही त्याची फार जुनी इच्छा.

आता कुणी म्हणेल, एवढं शिकलेले लोक कसे फसले? तर ऐका. तिथे विमानवाले मोजकेच, उन्हाळा जेमतेम जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा, आणि ऑगस्टच्या तारखा खरोखरच कित्येक महिने आधी भरतात. खऱ्या कंपन्यांकडून ‘जागा नाही’ असं ऐकून झालं होतं. अशा वेळी सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात आली. नाव एका परवानाधारक कंपनीसारखंच, फक्त मध्ये एक हायफन जास्त. फोन केला तर माणूस लगेच बोलला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, दोनच तारखा उरल्यात, उद्यापर्यंत सांगा, वगैरे.

पण तो नुसता घाई करणारा नव्हता. त्याने आमच्या चौघांची वजनं विचारली, बूट घालून किती आणि सामानासकट किती. वहिनींचं वजन मी अंदाजाने सांगितलं, तर म्हणाला, अंदाज चालणार नाही, काट्यावर उभं राहून सांगा. वहिनींनी पुण्यात रात्री काट्यावर उभं राहून आकडा कळवला. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा फवारा) केबिनमध्ये चालत नाही, आम्ही तो फ्लोटला, म्हणजे विमानाखालच्या तरंगत्या पायाला, बांधून नेतो, हेही त्यानेच सांगितलं. स्टोव्हचा गॅस प्रवासी विमानातून आणू नका, अलास्कात पोहोचल्यावर घ्या. हवा बिघडली तर विमान घ्यायला वेळेवर येणार नाही, म्हणून जास्तीचं अन्न ठेवा. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खरा विमानवाला हेच सांगतो. खोटं काय होतं? फक्त विमान.

आणि आता ते परमिट. हे लिहिताना अजूनही हात थरथरतात. पीडीएफ आलं, वर पार्क सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचं, बाणाच्या टोकाचं चिन्ह, खाली चौघांची नावं, एक लांबलचक नंबर आणि माणशी 185 डॉलर. त्याच क्षणी मी उद्यानाची वेबसाइट उघडायला हवी होती. तिथे स्पष्ट लिहिलंय: प्रवेश फी नाही आणि आपल्यासारख्या खासगी फिरणाऱ्यांना परमिट लागत नाही. हे वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण मला सांगा, दुसऱ्या उद्यानांत, डेनालीला रात्री रानात राहायला परमिट लागतं, ग्रँड कॅन्यनला लागतं, योसेमिटीला लागतं, त्यासाठी लोक लॉटरी लावतात. तेवढं सगळं केलेल्या माणसाला इथे परमिट आहे याचंच नवल का वाटावं? उलट मला हायसं वाटलं की मिळालं! चोराने नेमकी हीच सवय हेरली होती. ‘परमिटची कटकट आम्ही बघतो’ असं जो म्हणेल, त्याचा फोन तिथल्या तिथे ठेवा.

पैशांचंही तसंच. कार्डाने दिलेत तर 4 टक्के जास्त, बँकेतून थेट पाठवलेत तर नाही. ॲडव्हान्सवर 144 डॉलर वाचत होते. पैसे गेले एका व्यक्तीच्या नावावर. विचारलं, तर म्हणाला, बेटल्स इतकं लहान आहे की सगळे धंदे घरच्याच खात्यावर चालतात. पटलं मला ते! कंपनीच्या नावाचं खातं नसेल तर एक पैसाही पाठवू नका. कार्डावर 144 जास्त जाऊ द्या, निदान भांडायला जागा राहते.

उघड कसं झालं? डब्यांमुळे. डबे नेमके कुठे मिळणार हे विचारायला मी बेटल्सच्या रेंजर स्टेशनला ईमेल केला. उत्तर आलं की डबे न्यावेच लागतात, पण ते रेंजर स्टेशनवरून वापरायला फुकट मिळतात, आणि तुम्ही म्हणता तसं परमिट आम्ही देत नाही. सोबत उद्यानात व्यवसाय करायची परवानगी असलेल्या विमानवाल्यांची यादी होती. यादीत आमचा माणूस नव्हता. ही यादी उद्यानाच्या साइटवर सगळ्यांना खुली आहे. फोन नंबर त्या यादीतूनच घ्या, जाहिरातीतून नाही. विमानाच्या फोटोत शेपटाजवळ एनने सुरू होणारा नंबर दिसतो, तो एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नोंदणीत टाकला की मालक कळतो. आमच्या फोटोतलं विमान दुसऱ्याच राज्यातल्या एका खासगी माणसाचं निघालं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

मग सुरू झाला दुसरा छळ. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या फोनवरून पाठवलेत, म्हणजे ही चोरी नाही. मी म्हटलं, मग फसवणूक म्हणजे काय? त्यात माणूस स्वतःच्याच हाताने पैसे देतो ना? पलीकडच्या बाईंनी तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. समोरचं खातंही याच देशातल्या बँकेत, खातेदाराचं नाव माझ्या पावतीवर, तरीही ‘गोपनीयतेमुळे’ मला काहीच सांगता येत नाही. चोराची गोपनीयता! सिॲटलजवळच्या आमच्या गावातले पोलीस म्हणाले, व्यवहार अलास्कातला आहे, तिकडे कळवा. अलास्काहून उत्तर आलं, तुम्ही राहता तिथे तक्रार द्या. दोन्हीकडे तक्रार दिली, दोन्हीकडून नंबर मिळाला, त्यापुढे एक अक्षर नाही. केंद्रीय पोर्टलवर फॉर्म भरला, तर ‘प्रत्येक तक्रारीला उत्तर देणं शक्य नाही’ असा आपोआप आलेला ईमेल. दादा तिकडे सायबरवाल्यांकडे गेला, त्याला सांगितलं की तुम्ही पैसे बहिणीला पाठवलेत, मग तुमची फसवणूक झालीच कुठे? साठीचा माणूस दिवसभर बाकड्यावर बसून हे ऐकून घरी आला. नोकऱ्या करून कमावलेले पैसे आहेत हे, आणि प्रत्येक टेबलावर आम्हीच गुन्हेगार असल्यासारखे प्रश्न!

एक मात्र करा. पैसे गेल्याचं कळलं तर त्याच तासाला बँकेला फोन लावा, पैसे पुढे वळते व्हायच्या आत. आम्हाला कळलं तेव्हा खातं केव्हाच रिकामं झालं होतं.

ती साइट महिनाभर बंद होती. आता नाव बदलून पुन्हा आली आहे, तेच विमान, तोच फोटो, आणि या वेळी अलास्कातल्याच कोबुक व्हॅली उद्यानातल्या वाळूच्या टेकड्यांची सफर. तिथेही रस्ता नाही, तिथेही प्रवेश फी नाही. ‘कोबुक परमिट’ म्हणून कुणी पैसे भरले असतील तर हे वाचून होताच बँकेला फोन करा.