मोटर बदलली म्हणाले, नटावरचा गंज मात्र जुनाच होता

वायपर फिरत होता, पण काच पुसली जात नव्हती. दुखणं एवढंच होतं. रात्री पावसात समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांच्या उजेडात अख्खी काच धुरकट व्हायची आणि दोन-तीन सेकंद रस्ताच दिसायचा नाही. माझ्या बाजूचा वायपर वर जाताना नीट जायचा, खाली येताना थडथडत यायचा. हे सगळं मी गॅरेजमध्ये नीट सांगितलं होतं.

तिथल्या मेकॅनिकने काचेवर पाणी न टाकताच वायपर सुरू केला. पाती अडखळली, कुरकुरली. "बघा मॅडम, मोटरमध्ये जोरच नाही. लिंकेजही ढिलं झालंय. दोन्ही बदलावं लागेल, नाहीतर भर पावसात बंद पडेल." लिंकेज म्हणजे मोटरचं फिरणं वायपरच्या दांड्यांपर्यंत पोचवणारे जोड. शेवटचं वाक्य ऐकल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही. कोरड्या काचेवर नवाकोरा वायपरसुद्धा अडखळू शकतो, हे मला कुठे माहीत होतं! रबर आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असला तरच पाती सहज सरकते.

संध्याकाळी गाडी आणायला गेले, तेव्हा त्याने काचेवर कसलासा फवारा मारला, फडक्याने पुसलं आणि वर बादलीभर पाणी ओतलं. पाण्याचे मोती होऊन घरंगळले, काच लख्ख. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले." मी बिल भरलं. दोन पाऊस झाले आणि धुरकटपणा परत आला. थडथड तर आधीपेक्षा वाढली.

माझा मावसभाऊ गाड्यांचीच कामं करतो. त्याने ओल्या काचेवर वायपर चालवून पाहिला आणि मलाच विचारलं, "ताई, फिरवायचं काम मोटरचं, पुसायचं काम रबराचं. वायपर बरोबर वेगाने फिरतोय, शेवटपर्यंत जातोय, बंद केला की आपल्या जागी येऊन थांबतोय. मग मोटर कशाला बदलली?" मोटर थकली की वायपर संथ होतो किंवा मध्येच अडकतो. माझ्या गाडीत यातलं काहीच होत नव्हतं.

मग त्याने वायपरच्या दांडीच्या बुडाशी असलेलं प्लॅस्टिकचं टोपण काढलं. आतल्या नटावर जुना गंज चढलेला, कडांवर पान्याची एकही खूण नाही. माझ्या गाडीत लिंकेज काढायचं तर आधी हे दोन्ही नट सोडवून दांड्या काढाव्या लागतात, मग काचेखालची काळी जाळी उचलावी लागते. जाळीच्या फटींतून पाहिलं तर खाली वाळलेली पानं चिखलात घट्ट बसलेली होती आणि मोटरच्या बोल्टवरही तसाच चिखल सुकलेला होता. तिथे कोणाचा हातच लागला नव्हता. बदलल्याचे पैसे घेतले होते, पण बदललं काहीच नव्हतं. पैसे गेल्याचा राग आलाच, पण त्याच काचेतून मी मुलांना घेऊन रात्री गाडी चालवत होते, हे आठवून जास्त संताप झाला.

खरं दुखणं दोन ठिकाणी होतं. काचेवर धुलाईच्या मेणाचा आणि रस्त्यावरच्या तेलकट धुराळ्याचा थर होता. वायपर पुढे गेल्यावर मागे धुकं राहतं आणि क्षणात विरतं, ते याच थराने. त्यात तो फवारा मारल्यावर रबर आणखी अडखळू लागलं. दुसरं म्हणजे, दांडी किंचित पिळली गेली होती. पाती काचेवर सरळ उभी असावी लागते, म्हणजे दिशा बदलताना रबराची धार दुसऱ्या बाजूला लवते. पीळ पडला की ती एका दिशेला लवत नाही आणि त्याच बाजूने थडथडते. भावाने काच दोनदा घासून धुतली, ओल्या कापडाने रबराची धार पुसली (कापड काळंकुट्ट झालं), मग पाती काढून दांडीला अलगद उलटा पीळ दिला. तेव्हा काचेवर त्याने जाड टॉवेल पसरला होता. उघडी दांडी सुटून आपटली तर काच तडकते, हे कोणी स्वतः करून पाहणार असेल तर विसरू नका. रबर कडक झालं असेल किंवा धार फाटली असेल तर एकाच जागी बारीक रेघ उमटत राहते. तेव्हा मात्र नवी पाती घ्यावीच लागते. माझं रबर अजून मऊ होतं.

नटाचे फोटो घेऊन मी गॅरेजमध्ये परत गेले. मेकॅनिक आधी म्हणाला, "पोराने काम केलं, मला माहीत नाही." मी टोपण काढून नट त्याला दाखवला आणि विचारलं, हा न सोडवता लिंकेज बाहेर कसं आलं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. लिंकेजचे पैसे त्याने मोजून दिले. मोटर बदललीच होती, असं तो अजूनही म्हणतो आणि ते पैसे मला मिळालेले नाहीत. आता गाडी कुठेही देण्याआधी मी दोन्ही नटांवर रंगाचा ठिपका देते आणि जुना पार्ट हातात आल्याशिवाय बिल भरत नाही.