गरम हवेच्या फुग्याचा संच : कागद झकास, आकडा समुद्रकाठचा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की नाशिकच्या शालेय साहित्याच्या दुकानात हा खोका पुढे मांडलेला असतो. किंमत साडेसहाशे रुपये. आत पतंगी कागदाचे 50 × 75 सेंटिमीटरचे 24 ताव, कळीचा, म्हणजे फुग्याच्या उभ्या फाकेचा, पुठ्ठ्याचा साचा, तोंडाला लावायची बारीक तार, एक मीटर वायरचा डिजिटल थर्मामीटर आणि बारा पानांची पुस्तिका. फुग्याचा व्यास 1.2 मीटर. खळ आणि हेअर ड्रायर घरचा.

कागदाला नाव ठेवायला जागा नाही. चौरस मीटरला 18 ग्रॅम, सगळे ताव एकसारखे. तीन ताव लांबीत जोडून एक कळी, अशा आठ. साचा मधोमध साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर रुंद आहे, त्यातले दीड सेंटिमीटर शिवणीत जातात. मैद्याची खळ पातळ करावी आणि ब्रशने लावावी. जाड खळ वाळताना कागद आकसतो, शिवण चुणते आणि वजन वाढते ते वेगळेच. डिंक तर नकोच, घडी घालताना तडकतो. तयार फुगा दिव्यासमोर धरून भोके शोधा. तोंडाजवळचे भोक फारसे नडत नाही. शेंड्याजवळचे मात्र लगेच बुजवा, कारण आतली गरम हवा सगळ्यात जास्त रेटते ती तिथेच.

घोडे अडते ते उचल, म्हणजे फुगा किती वजन पेलेल ते, काढण्याच्या पानावर. बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या घनतेतला फरक गुणिले घनफळ, ही उचल. बाहेरच्या हवेची घनता 1.225 किलो प्रति घनमीटर, आतली 80 अंशांना 1.0, घनफळ 0.905 घनमीटर, म्हणून उचल 204 ग्रॅम, असे पुस्तिका सांगते. गुणाकार बरोबर आहे, पण 1.225 ही समुद्रसपाटीची, 15 अंश सेल्सिअसची घनता. नाशिक सुमारे 600 मीटर उंचावर आहे. इथला दाब साधारण 943 हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा सात टक्के कमी. मोबाइलच्या हवामान अॅपवर 1013 दिसले तरी फसू नका, तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला दाब असतो. फोनमध्येच बॅरोमीटर असेल तर त्याचा आकडा खरा.

घनता स्वतःच काढावी. दाब पास्कलमध्ये घ्यायचा (हेक्टोपास्कल गुणिले शंभर) आणि 287, हा हवेचा स्थिरांक, गुणिले केल्विन तापमान (सेल्सिअस अधिक 273) याने भागायचे. हिवाळ्यातल्या पहाटे बाहेर 10 अंश असतील तर 94300 ÷ (287 × 283) = 1.161. आत सरासरी 50 अंश असतील तर 1.017. फरक 0.144, म्हणजे दर घनमीटरला 144 ग्रॅम उचल.

आता घनफळ. पुस्तिकेने पूर्ण गोल धरला आहे. आठ कळ्यांचा कागदी फुगा पूर्ण गोल फुगत नाही, त्याचा आडवा छेद अष्टकोनी राहतो. तेवढ्यानेच पाच टक्के जागा जाते. तोंडाचा कापलेला भाग वजा करून 0.85 धरा. पहाटेची उचल मग 122 ग्रॅम. खळ आणि तारेसकट फुगा भरतो 108 ग्रॅम. चौदा ग्रॅम शिल्लक. फुगा उठतो, पण रुबाबात नाही.

हाच फुगा दुपारी 35 अंशांत काढा. हजार वॅटचा ड्रायर साधारण चाळीस अंशांची वाढ देतो, पुढे कागदातून उष्णता निसटत राहते. आत 75 अंश झाले तरी घनता 1.067 आणि 0.944, फरक 0.123, उचल 105 ग्रॅम. वजन 108. फुगा टम्म फुगून जमिनीवरच डुलत राहणार आणि पोरं ड्रायरला दोष देणार. निफाडकडे पारा दहाच्या खाली उतरतो त्या दिवसांत हा प्रयोग जेवढा खुलतो, तेवढा एप्रिलमध्ये कधीच खुलायचा नाही. पुस्तिकेत ऋतूचा उल्लेखच नाही, ही खरी उणीव.

थर्मामीटर अंशाच्या आत बरोबर दाखवतो. पण पुस्तिका त्याचे टोक शेंड्याशी लावायला सांगते आणि तिथली हवा सर्वांत गरम. तो आकडा सूत्रात घातला की उचल फुगवून येते. एक मीटरची वायर तोंडातून वरपर्यंत पोहोचतही नाही. टोक बारीक काडीला बांधून वायर पोहोचेल तितके वर, मध्य आणि तोंड अशा तीन ठिकाणी मोजा. मधल्या भागात हवा जास्त मावते, म्हणून मधला आकडा दुप्पट धरून सरासरी काढा. सोडण्याआधी वायर काढायला विसरू नका, शिल्लक चौदाच ग्रॅम आहे.

ड्रायर तोंडाच्या आत खुपसू नका. परतलेली गरम हवाच तो पुन्हा ओढतो आणि आतला कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, त्याला बंद पाडतो. बोटभर अंतर ठेवा. हीट गनचा झोत कागद करपवतो, आणि मेणबत्तीचा तर विषयच नको.

वारा उठण्याआधी, उजाडता उजाडता, तारा नसलेल्या मैदानात उडवा. मोकळा सोडू नका. साध्या सुती दोऱ्याने बांधा, नायलॉन मांजा नको.

साडेसहाशेत कागद, साचा आणि थर्मामीटर वसूल होतात. आठवीच्या वरच्या मुलांसाठी घ्यायला हरकत नाही, फक्त उचलीच्या पानावर 1.225 खोडून त्या दिवशीचा आकडा पेन्सिलीने लिहा.