गस्तीला सायकल द्यावी की मोटारसायकल? मराठवाड्यातल्या ठाण्यांपुरता विचार

व्यापारी महासंघ, एखादा कारखाना किंवा कॉलनीची समिती पोलीस ठाण्याला काही भेट द्यायचं ठरवते, तेव्हा बहुतेक वेळा मोटारसायकलच ठरते. फीत कापायला ती बरी दिसते. सायकलचं नाव कुणी काढलंच तर बैठकीत हसू पिकतं. मला ते हसू पटत नाही. मराठवाड्यातल्या शहरांत काही बीट, म्हणजे अंमलदाराला गस्तीसाठी नेमून दिलेले भाग, असे आहेत की तिथं सायकलच द्यायला हवी, आणि काही असे की सायकल देणं म्हणजे अंमलदाराची फरफट. तेव्हा ठाणं नाही, बीट बघून ठरवा.

गस्तीत दोन वेगळी कामं असतात. एक, बोलावणं आलं की पोचणं. दुसरं, कुणी बोलावलेलं नसताना तिथं असणं, बघणं, ऐकणं. पहिल्या कामात सायकलला मोटारसायकलशी बरोबरी करता येणार नाही. ११२ ला फोन आला, भांडण चालू आहे, अपघात झालाय, तर तिथं इंजिनच लागतं. मंगळसूत्र ओढून पळणारे मोटारसायकलवर येतात आणि गल्लीतून जालना रोडसारख्या मोठ्या रस्त्याला लागले की संपलं. त्यांच्यामागे पायडल मारणारा अंमलदार पाठवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या कामात मात्र पारडं फिरतं. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, रंगारगल्ली, सराफा, सिटी चौक हा भाग रात्री साडेबारानंतर डोळ्यासमोर आणा. शटरं खाली, ओट्यांवर रिकामी खोकी. या बोळांत मोटारसायकल शिरली की तिचा आवाज दोन गल्ल्या आधी पोचतो आणि दिवा त्याच्याही आधी. कुलपाशी बसलेला माणूस उठून आडोशाला होतो, गाडी गेली की परत कामाला लागतो. त्यात गाडीवरच्या पोलिसाच्या डोक्यावर हेल्मेट, खाली इंजिन. शटरला पहार लावल्याचा आवाज त्याच्या कानापर्यंत येणार कसा? सायकलवरच्या माणसाचे कान मोकळे असतात. कुत्री कुठल्या बाजूला भुंकतायत, वरच्या मजल्यावर कोण ओरडतंय, जळाल्याचा वास कुठल्या गोदामातून येतोय, हे त्याला न थांबता कळतं. पायी गस्तीलाही कळतं, पण पायी माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो आणि सायकलवरचा न दमता दहा-बारा. एका रात्रीत तोच बीट एकदा फिरायचा की दोन-तीनदा, एवढा हा फरक आहे.

सायकलची गस्त हा जुन्या काळाचा हट्ट आहे असं म्हणणाऱ्यांना अमेरिकेतल्या सिएटलचं उदाहरण सांगावंसं वाटतं. १९८७ साली तिथं शहराच्या मध्यात बससाठी जमिनीखालून बोगदा खणला जात होता, रस्ते तुंबले होते आणि पोलिसांच्या गाड्या अडकून पडत होत्या. तेव्हा तिथल्या पोलिसांनी सायकली काढल्या, आणि पुढे अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी तेच केलं. त्याआधी १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत एक प्रयोग झाला होता. काही भागांत गस्तीच्या मोटारी वाढवल्या, काही भागांत नेहमीची गस्त बंद करून फक्त बोलावल्यावर गाडी पाठवली. गुन्ह्यांत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही, आणि लोकांच्या ते ध्यानातही आलं नाही. उलट फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात गुन्ह्यांच्या नेमक्या ठिकाणी पायी गस्त लावली, तिथं हिंसक गुन्हे अशी गस्त नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत २३ टक्क्यांनी कमी झाले. आपली शहरं वेगळी आहेत, मान्य. तरी नुसती चाकं फिरवून गस्त होत नाही, हे इथंही लागू पडतं.

लातूरचा ट्यूशनचा भाग घ्या. संध्याकाळी क्लास सुटले की रस्ता पोरापोरींनी भरून जातो. बाहेरगावाहून आलेल्या मुली खोली करून नाहीतर होस्टेलवर राहतात आणि कोपऱ्यावर टवाळकी करणाऱ्यांना टाळत घर गाठतात. तिथून पोलीस व्हॅन गेली तर तिची काच खाली व्हायची वाट कोण बघणार? दोन महिला अंमलदार सायकलवर त्याच गर्दीतून त्याच वेगाने रोज जात असतील, तर पोरगी चालता चालता सांगते, "मॅडम, तो निळ्या शर्टवाला तीन दिवस मागे येतोय." अशी गोष्ट घेऊन ठाण्याची पायरी चढायला ती कचरते. माझ्या मते सायकलच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, पेट्रोल नव्हे.

पेट्रोलचाही हिशोब सांगतो. रात्रीला चाळीस किलोमीटर, हळू चालवत, थांबत थांबत, म्हणजे एक लिटर धरा. शंभरीपुढच्या भावाने एका गाडीचे वर्षाला साडेछत्तीस हजारांच्या पुढे गेले, सर्व्हिसिंग वेगळं. मजबूत साधी सायकल आठ ते बारा हजारांत येते. मोटारसायकल भेट देणारा माणूस पेट्रोल भेट देत नाही, ही गोष्ट समितीत बोलून घ्या.

आता सायकल कुठं हरते ते. पहिलं म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यात परभणी, नांदेडचा पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात दुपारी खाकी घालून पायडल मारायला लावणं हा अमानुषपणा आहे. सायकलचा बीट पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी सातनंतर, एवढाच ठेवा. दुसरं, काटे. शहराच्या कडेला मोकळ्या प्लॉटवर वेडी बाभूळ माजलेली असते, तिचा काटा साध्या टायरमधून आरपार जातो. जाड टायर आणि ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव घेतलं नाही, तर महिन्याभरात सायकली ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागतील. तिसरं, पावसाळा. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरला की चाक फिरत नाही. नव्या वसाहतींचे कच्चे रस्ते असतील तर ते चार महिने पायीच फिरावं.

ग्रामीण ठाण्यांना सायकल देऊच नका. तिथं एकेका ठाण्याखाली कितीतरी गावं असतात आणि दोन गावांत पाच-सात किलोमीटर. वाळूजसारख्या एमआयडीसीत लांबलचक सरळ रस्ते आणि रात्रभर कंटेनर, तिथंही नको. तुळजापूरची नवरात्र किंवा पैठणची नाथषष्ठी असली की मंदिराजवळच्या दाटीत पायीच काम होतं. सायकल पार्किंगच्या तळाकडे आणि बाहेरच्या रस्त्यांवर कामाला येते.

ई-सायकल मधला मार्ग वाटतो आणि धाराशिव, अंबाजोगाईसारख्या चढउताराच्या गावांत तो खरंच चांगला आहे. २५० वॅटच्या आतली मोटर आणि २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर कायद्याने ती मोटारवाहनात मोडत नाही, नोंदणी लागत नाही. पण ती साध्या सायकलच्या तिप्पट महाग, आणि बॅटरी गेली की कुणाच्या खर्चाने बदलायची हे आधी ठरलेलं नसेल तर घेऊ नका.

वस्तू घेताना बारीक गोष्टी बघा. चेनला पूर्ण कव्हर हवं, नाहीतर पँटची मोहरी अडकते. काठीसाठी दांड्याला क्लिप, मागे लाल दिवा, पाण्याची बाटली. सीट खालीवर करता यायला हवी, कारण एकच सायकल तीन उंचीची माणसं चालवणार. गस्त नेहमी जोडीनेच, आणि दोघांपैकी एकाकडे वॉकीटॉकी असलीच पाहिजे. त्याशिवाय सायकलवरचा पोलीस एकटा पडतो.

सायकल कुणाला द्यायची, यावर ठाणे प्रभारींशी स्पष्ट बोला. गुडघे दुखणाऱ्या पन्नाशीच्या हवालदाराला, किंवा साहेबांची मर्जी गेलेल्याला शिक्षा म्हणून सायकल मिळाली, तर योजना तिथंच मेली. स्वतःहून पुढे येणारे चार जण पुरेत. बंदोबस्त लागला की त्यांनाच आधी उचलायचं नाही, हेही कबूल करून घ्या.

तर माझा कौल असा: जुन्या बाजारपेठा, सिडकोसारख्या बैठ्या घरांच्या वसाहती, क्लास-कॉलेजचा परिसर आणि बागा, इथं सायकल, हाकेला धावून जायला त्याच भागात एक मोटारसायकल तयार. बाकी सगळीकडे मोटारसायकल. पैसे एकाच मोटारसायकलचे असतील आणि ठाण्याकडे आधीच चालू स्थितीतल्या गाड्या असतील, तर त्या पैशात चार सायकली, दिवे, हेल्मेट आणि वर्षभराची दुरुस्ती घ्या. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याशी दुरुस्तीचा ठोक भाव ठरवून ठेवा. सुरुवात दसऱ्यानंतर करा, दिवाळीच्या बाजाराच्या तोंडावर. पाऊस संपलेला असतो आणि ऊन सुसह्य. उन्हाळा लागायच्या आधी त्या बीटमधल्या दहा-बारा दुकानदारांना आणि रात्रीच्या वॉचमनला विचारा, तुमच्या बीटच्या अंमलदाराचं नाव काय. नाव सांगता आलं तर पुढच्या चार सायकली घ्या.