तळ्याकाठी घर हवंय: मये की करमळी?

गोव्यात तळ्याकाठी घर शोधणारे बहुधा याच दोन नावांवर येऊन अडतात. दोन्ही गावं उत्तर गोव्यातली. पण एकीकडे गर्दीचा प्रश्न आहे, तर दुसरीकडे कागदपत्रांचा.

आधी वस्ती बघू. करमळी तिसवाडीत, मये डिचोलीत. २०११ च्या जनगणनेत तिसवाडी तालुक्यात १,७७,२१९ माणसं होती, डिचोलीत ९७,९५५. क्षेत्रफळ मात्र डिचोलीचंच थोडं जास्त, त्यामुळे तिथली दाटी निम्म्यावर येते. तिसवाडीच्या आकड्यात पणजीही धरलेली आहे, हे खरं. पण पणजी करमळीहून दहा-बारा किलोमीटर, जुनं गोवं हाकेवर आणि कोकण रेल्वेचं स्टेशन थेट तळ्यालगत. मग जागेचे भाव शहराकडे बघूनच ठरणार.

करमळीचं तळं साधारण ७० हेक्टरांचं आणि मुळात शेतीसाठी राखलेलं. पावसात ते तुडुंब भरतं. उन्हाळ्याकडे मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, पाणी शेतांना सोडतात आणि वायंगणाचं, म्हणजे पावसानंतरच्या हंगामाचं, भात उभं राहतं. एजंट घर दाखवायला नेणार थंडीत, जेव्हा अडई, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या पाण्यावर असतात. तुम्ही मे महिन्यात एक चक्कर मारा. ‘लेक व्ह्यू’ म्हणून जादा पैसे मागितलेल्या खिडकीतून तेव्हा चिखल दिसेल. तरी मला हेच तळं जास्त आवडतं. ते अजून गावाच्या कामाचं आहे.

मयेचं तळं डोंगरांच्या कुशीत, पाणी बारमाही. पेडल बोटी, पर्यटन महामंडळाची कॉटेजेस आणि २०१९ पासून बंजी जंपिंगसुद्धा. रविवारी गर्दीमुळे तळ्याकडे जायची सोय नाही; पण वाड्यांवर ती गर्दी पोचत नाही. मार्च ते मे काजूचा हंगाम, भट्ट्या पेटल्या की हवेत हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास. हा वास सोसत नसेल तर विचार करा. शेजारी खाणपट्टाही आहे: २०२२ च्या लिलावात गेलेल्या डिचोली ब्लॉकमध्ये मयेचीही जमीन आहे. ट्रक कुठल्या रस्त्याने जातात, हे घर बघतानाच विचारा.

रोज पणजीत नोकरी असेल तर करमळी घ्या, उगाच हौस नको. निवृत्त असाल, चार माड-काजू लावायचे असतील, मराठी नाटकं-जत्रांचा शेजार हवा असेल तर मये. जुन्या गोव्याला जायचं झालं तर जवळच्या नार्वे गावाहून फेरीने दिवाडी बेटावर आणि तिथून दुसऱ्या फेरीने पलीकडे. वेळ लागतो, पण रस्त्याने जाण्यात ती मजा नाही.

मात्र मयेत विसार देण्याआधी थांबा. गावातली बरीच जमीन पोर्तुगीज काउंटची होती. १९६१ नंतर ती ‘स्थलांतरित मालमत्ता’ म्हणून कस्टोडियनकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या राखणदाराकडे, गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या हातात मालकीचा कागदच उरला नाही. २०१४ च्या कायद्याने जुनी मालकी रद्द केली, राहणाऱ्यांना सनदी, म्हणजे मालकीचे दाखले, देण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे विकणारा सज्जन असला तरी एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) नाव कुणाचं, सनद मिळाली का आणि ती विकण्याची मुभा देते का, हे वकिलाकडून तपासून घ्या. करमळीतही कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामायिक संस्थेची) जमीन आणि मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क या दोन गोष्टी विचाराच.