बांधकामाशेजारचा जुना कडुलिंब: छाटणी, मातीचा उपचार की तोड?

नागपूरच्या धरमपेठ किंवा लक्ष्मीनगरात जुना बंगला पाडून फ्लॅट स्कीम उभी राहते, तेव्हा कुंपणालगतचा कडुलिंब पुष्कळदा वाचतो. दोन-तीन वर्षांनी त्याचा शेंडा वाळू लागतो, तोवर बांधकामाचा विसर पडलेला असतो. मग छाटणी, मातीचा उपचार आणि तोड असे तीन सल्ले मिळतात. यांतला कोणता घ्यावा, हे फांद्यांपेक्षा बुंध्यापाशी अधिक स्पष्ट दिसते.

निदानात पहिला घोळ शेंडेमर या बुरशीजन्य रोगामुळे होतो, कारण पावसाळ्यानंतर त्यानेही डहाळ्या तपकिरी पडतात. मात्र रोग वस्तीतल्या अनेक कडुलिंबांवर एकाच हंगामात आढळतो, तर मुळे तुटल्याने येणारी मर एकाच झाडापुरती असते आणि बरेचदा खोदकामाच्या बाजूने सुरू होते. पाने लहान राहतात, जाड फांद्यांवर कोवळे धुमारे फुटतात. फेब्रुवारी-मार्चमधील पानगळ मात्र झाडाचा नेमच आहे, तिने घाबरू नये. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीपाशी रुंदावतो. खोड विजेच्या खांबासारखे सरळ आत शिरत असेल, तर मुरमाचा भराव पडला आहे असे समजावे.

यानंतर टेप घ्यावी. छातीच्या उंचीवर घेर १८८ सेंटिमीटर भरला तर व्यास सुमारे ६० सेंटिमीटर होतो, आणि त्याच्या बारापट, म्हणजे खोडापासून सुमारे ७.२ मीटरपर्यंतची जमीन झाडाची मानावी. बहुतेक शोषक मुळे वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपास असल्याने, दोन मीटरवरून गेलेला गटाराचा चर त्या बाजूची बरीच मुळे घेऊन गेलेला असतो.

छाटणी स्वस्त असते आणि अर्ध्या दिवसात उरकते. मुळे कमी झाली म्हणून पानेही कमी करावीत, हा तर्क पटण्यासारखा वाटतो, पण मला तो मान्य नाही. नवी मुळे पानांनी केलेल्या अन्नावरच वाढतात, आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात उघडी पडलेली साल भाजते. वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. कापावर रंग फासल्यानेही काही साधत नाही.

मातीचा उपचार कंटाळवाणा आहे, त्याला निदान दोन उन्हाळे द्यावे लागतात. तरीही बुंधा भक्कम असेल तर माझा कौल त्यालाच आहे. काळी माती ओली असताना तिच्यावरून जेसीबी फिरला की हवा-पाण्याच्या वाटा बुजतात. म्हणून गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) उचलावेत, भराव हाताने काढून बुंध्याची रुंदी उघडी करावी, आणि जरा दूरपासून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे उथळ, अरुंद चर, जाड मुळे टाळून, हातानेच खणून कुजलेल्या खताने भरावेत. वर सात-आठ सेंटिमीटर पालापाचोळा अंथरावा, खोडापासून वीतभर सोडून. पाणी बुंध्याशी न देता फांद्यांच्या सावलीच्या कडेला सावकाश सोडावे. त्याआधी लोखंडी सळई दाबून पाहावी, ती फूटभर सहज गेली आणि बाहेर काढल्यावर ओली माती चिकटून आली, तर त्या दिवशी पाणी नको. युरिया टाकू नये.

झाडाला आधार देणारी बुंध्यालगतची जाड मुळेच तुटली असतील, झाड नव्याने कलले असेल, एका बाजूची माती उचलली गेली असेल किंवा बुंध्यावर कडक भूछत्रे उगवली असतील, तर हा सारा खर्च व्यर्थ आहे. खाली रहदारी असल्यास जूनच्या वादळी पावसाची वाट पाहू नये. तोडीसाठी १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाड वारसा वृक्षात मोडते. पुनर्रोपणाचा विचार एवढ्या मोठ्या, आधीच मुळे तुटलेल्या झाडासाठी करूच नये.

मातीचा उपचार निवडल्यास दुसऱ्या वर्षीच्या पालवीनंतर नव्या डहाळ्यांची लांबी मोजावी. ती मागील वर्षापेक्षा वाढली असेल तर उपचार चालू ठेवावा. घटली असेल आणि अर्ध्याहून अधिक विस्तार वाळला असेल, तर परवानगीचा अर्ज करावा.