वजन उतरवायला सोबत कोणाची: नवऱ्याची की मैत्रिणीची?

नवऱ्यासोबतचा खरा फायदा स्वयंपाकघरात. घरात एकच कढई, एकच फोडणी. पळीने तेल ओतायचं सोडून चमच्याने मोजायला लागले तेव्हा कळलं, चहाच्या एका चमचाभर तेलात सुमारे ४० कॅलरी असतात, आणि मी भाजीला सहज पाच-सहा चमचे घालत होते. आता फरसाणाचा डबा घरात येतच नाही. मैत्रीण कितीही जिवाभावाची असली तरी माझ्या फडताळापर्यंत तिचा हात पोचत नाही.

पण नवऱ्याचा काटा भराभर खाली येतो. पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, बहुतेकदा मुळातलं वजनही जास्त, म्हणून तेवढंच चालून त्यांची ऊर्जा अधिक खर्च होते. महिन्याभरात त्याचे तीन किलो गेले, माझा जेमतेम एक. वर "भात सोडला नाहीस ना?" हेही ऐकून घ्यायचं! शिवाय एकाने "आज मिसळ मागवूया" म्हटलं की दुसरा ताट घेऊनच बसतो.

मैत्रीण सहाला पर्वतीच्या पायथ्याशी उभी असते. ती वाट बघत असताना पांघरुणात लोळायची सोय नाही. शंभराहून जास्त पायऱ्या. चढताना दोघींची बोलती बंद, उतरताना सासरच्या सगळ्यांचा हिशेब पूर्ण. खाली आल्यावर पोहे खायचे नाहीत, एवढं ठरलंय. अधूनमधून मोडतं.

सध्या ताट नवऱ्यासोबत, टेकडी मैत्रिणीसोबत. काट्यावर मात्र एकटीच उभी राहते, दार लावून.