डेफरन्स की ओबेसन्स?

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर भाचीने विचारलं, "मामा, इंग्रजीतले डेफरन्स (deference) आणि ओबेसन्स (obeisance), दोन्ही म्हणजे आदरच ना?" आदर खराच, पण एक मनातला नि दुसरा कमरेतला.

ओबेसन्स डोळ्यांना दिसतो. समोरच्या कोपिनेश्वराच्या देवळात कुणी दंडवत घालतं, जुन्या दरबारात मुजरा व्हायचा, तो ओबेसन्स. शब्द जुन्या फ्रेंचमधला, मुळात ‘आज्ञा पाळणे’ या क्रियापदापासूनचा. रोजच्या बोलण्यात वापरलात तर जरा नाटकीच वाटेल.

डेफरन्स जास्त कामाचा. इथे कुणी वाकत नाही. स्वतःचं मत असूनही समोरच्याच्या वयाला, अनुभवाला किंवा अधिकाराला मान देऊन ते बाजूला ठेवलेलं असतं. ‘इन डेफरन्स टू’ म्हणजे आपलं ‘मानाखातर’. आजीच्या मानाखातर आमच्याकडे श्रावणात कांदा-लसूण बंद. आम्हाला पटलंय असं नाही, पण तिचा शब्द मोडवत नाही. (चोरून भजी खाल्ली तर तो डेफरन्स उरतो का, हे भाचीने विचारलंच.) म्हणून ‘आज्ञाधारकपणा’ हा प्रतिशब्द मला पटत नाही, त्यात स्वतःच्या मताला जागाच नाही.

घोळ होतो तो ‘डिफर’ (defer) या क्रियापदाशी. ‘पुढे ढकलणे’ आणि ‘दुसऱ्याचं मत मानणे’, दोन्हींचं स्पेलिंग तेच, पण लॅटिन मुळं वेगळी. डेफरन्स यातल्या दुसऱ्या, मत मानण्याच्या ‘डिफर’पासून आला. परीक्षा पुढे ढकलली तर तिथे डेफरन्स चालत नाही, डिफरमेंट म्हणायचं. भाचीला हा शब्द लगेच पाठ झाला.